यादीत नाव येण्याआधी

२० नोव्हेंबर २०२१, दिल्ली. सय्यद मुश्ताक अली टी-ट्वेंटी स्पर्धेची उपांत्य फेरी, विदर्भ विरुद्ध कर्नाटक. कर्नाटकच्या डावातलं शेवटचं षटक टाकायला दर्शन नळकांडे आला आणि त्याने लागोपाठ चार चेंडूंवर चार बळी घेतले. दर्शनचा जन्म वर्ध्याचा. वर्ध्यात जन्मलेल्या पोराने देशाच्या राजधानीत असं काही करावं, हे आमच्याकडे रोज घडत नाही. सामना मात्र विदर्भाने ४ धावांनी गमावला.

त्या चार बळींमध्ये एक नाव होतं अभिनव मनोहर. तीन महिन्यांनी, फेब्रुवारी २०२२ मध्ये, बंगळुरूला आयपीएलचा मोठा लिलाव झाला. गुजरात टायटन्स या नव्या संघाने अभिनवला २ कोटी ६० लाखांना घेतलं. त्याच संघाने दर्शनलाही घेतलं, २० लाखांना. बाद होणाऱ्याची किंमत बाद करणाऱ्याच्या तेरापट!

यात कुणी फसवलं असं म्हणता येत नाही. शेवटच्या षटकांत मोठे फटके मारणारा भारतीय फलंदाज बाजारात दुर्मीळ असतो आणि दुर्मीळ माल महाग जातो. पण 'कोणता तरुण खेळाडू घ्यावा' हा वाद आपण चहाच्या टपरीवर घालतो, तेव्हा खरं म्हणजे एका फार जुन्या प्रश्नावर बोलत असतो. निवड कोण करतं, कशाच्या आधारावर करतं आणि निवडणाऱ्याच्या नजरेपर्यंत कोण पोहोचतं? या प्रश्नाचा इतिहास वर्धा-नागपूरच्या बाजूने पाहिला की वेगळा दिसतो.

राजाची पसंती

भारताचे पहिले कसोटी कर्णधार सी. के. नायडू नागपूरचे. जन्म १८९५ चा. पण क्रिकेटच्या इतिहासात त्यांचं नाव इंदूरशी जास्त जोडलं जातं, कारण १९२३ मध्ये होळकर महाराजांनी त्यांना आपल्याकडे बोलावून घेतलं आणि सैन्यात हुद्दा दिला. आजच्या भाषेत हा 'करार'च होता. फरक एवढाच, की त्यात बोली लावणारा एकच होता आणि त्याच्याकडे संस्थान होतं.

डिसेंबर १९२६ मध्ये मुंबईत एमसीसीविरुद्ध नायडूंनी १५३ धावा केल्या, ११ षटकार मारले. तरीही १९३२ च्या इंग्लंड दौऱ्यावर संघ निघाला, तेव्हा कर्णधार होते पोरबंदरचे महाराज आणि उपकर्णधार लिंबडीचे राजकुमार. लॉर्ड्सवरच्या पहिल्या कसोटीत नायडूंकडे नेतृत्व आलं, ते हे दोघे त्या सामन्यात खेळले नाहीत म्हणून.

राजाश्रयाचा फायदा खरा होता. खेळाडूला पोट भरण्याची चिंता राहत नसे. पण राजाची नजर ज्याच्यावर पडली तो वर आला. बाकीच्यांची नोंदही राहिली नाही.

५४ वर्षं

पुढे संस्थानं गेली, संघटना आल्या. विदर्भाचा संघ १९५७-५८ च्या हंगामापासून रणजी खेळू लागला. १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य झालं, पण क्रिकेटमध्ये विदर्भाची संघटना वेगळीच राहिली. म्हणून एका राज्याचे तीन रणजी संघ: मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ. त्यातही पहिले दोन पश्चिम विभागात, विदर्भ मध्य विभागात. म्हणजे वर्ध्याचा मुलगा शाळेच्या नकाशात मुंबईबरोबर आणि क्रिकेटच्या नकाशात उत्तर प्रदेश, राजस्थान, मध्य प्रदेश, रेल्वे यांच्याबरोबर.

राष्ट्रीय निवड समितीत अनेक दशकं पाच विभागांचे पाच प्रतिनिधी असत. कागदावर ही पद्धत न्याय्य होती. पण मध्य विभागाच्या संघात जागा अकराच, दावेदार संघ पाच आणि विदर्भ त्यात कायम मागचा. रणजीत अनेक हंगाम हा संघ खालच्या प्लेट गटात खेळला. नागपूरच्या प्रशांत वैद्यने नव्वदच्या दशकात भारतासाठी एकदिवसीय सामने खेळले, पण त्या काळात तो बंगालकडून रणजी खेळत होता.

विदर्भाच्या संघातून कसोटीपर्यंत पोहोचलेला पहिला खेळाडू म्हणजे उमेश यादव. पदार्पण नोव्हेंबर २०११, दिल्लीत, वेस्ट इंडिजविरुद्ध. १९५७ ते २०११, म्हणजे ५४ वर्षं.

उमेशची गोष्ट आपल्याला पाठ आहे: खापरखेड्याजवळची वलनी, कोळसा खाणीत काम करणारे वडील, सैन्य आणि पोलीस भरतीचे प्रयत्न, टेनिस बॉल क्रिकेट. ती 'जिद्दीची कहाणी' म्हणून सांगितली जाते. मला त्यात दुसरंच काही दिसतं. विशीच्या आसपास पोहोचेपर्यंत त्याने चामड्याच्या चेंडूने स्पर्धात्मक क्रिकेट खेळलंच नव्हतं. विदर्भाचा तेव्हाचा कर्णधार प्रीतम गंधे याच्या नजरेत त्याचा वेग भरला आणि २००८ मध्ये तो रणजी खेळला. एका माणसाची नजर त्या दिवशी दुसरीकडे असती तर? आणि अशा किती जणांच्या बाबतीत ती दुसरीकडे होती?

आम्ही सॉफ्टवेअरवाले ज्याला डेटा म्हणतो, त्यातला सगळ्यात मोठा घोळ हाच असतो. जे नोंदवलं गेलं त्यावरूनच आपण निष्कर्ष काढतो. विदर्भात ५४ वर्षं वेगवान गोलंदाज जन्मलेच नाहीत असं नाही. आकड्यांच्या तक्त्यात त्यांची ओळच नव्हती.

नजर पोहोचवण्याचा प्रयत्न

हे कुणाच्या लक्षात आलं नाही असंही नाही. पत्रकार मकरंद वायंगणकर यांच्या कल्पनेतून क्रिकेट मंडळाने २००२ मध्ये गुणवत्ता शोधणारी स्वतंत्र यंत्रणा उभी केली. दिलीप वेंगसरकर तिचे प्रमुख होते. माजी खेळाडूंनी गावोगावचे सामने बघायचे आणि अहवाल पाठवायचे, एवढं साधं काम. २००३ मध्ये जमशेदपूरच्या एका सामन्यात प्रकाश पोद्दार यांनी झारखंडचा एक यष्टिरक्षक पाहिला आणि त्याच्याबद्दल कळवलं. तो महेंद्रसिंह धोनी होता.

धोनी तेव्हा बावीस वर्षांचा होत होता. क्रिकेटच्या नेहमीच्या हिशेबात 'उशीर झालेला'. लहान शहरातल्या मुलाचं वय मोजताना हे विसरलं जातं. त्याची सुरुवातच उशिरा होते, म्हणून तो उशिरा पिकतो.

ड्राफ्ट: शेवटच्याला पहिली संधी

जगात इतरत्र यावर वेगळा तोडगा निघाला. अमेरिकन फुटबॉलमध्ये १९३६ पासून ड्राफ्ट आहे, तर ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉलमध्ये १९८६ पासून. साधारण नियम असा की गेल्या हंगामात जो संघ तळाला, त्याला तरुण खेळाडूंमधून पहिली निवड करायची संधी. श्रीमंत संघाने सगळे चांगले खेळाडू विकत घेऊ नयेत, हा हेतू. ऑस्ट्रेलियात तर 'बाप-लेक' नियमही आहे: ज्याच्या वडिलांनी क्लबसाठी शंभरेक सामने खेळले, त्या मुलावर क्लबचा आधी हक्क. आपल्याकडे घराणेशाहीवर भांडण होतं. तिथे ती नियमात लिहून ठेवली आहे.

ड्राफ्टमुळे तिथल्या चाहत्यांना वर्षभराचा उद्योग मिळाला. अठरा वर्षांच्या पोरांची उंची, धाव, स्वभाव यांवर वाद. आणि अंदाज चुकण्याची परंपराही तेवढीच मोठी. एसेंडन क्लबने १९९० मध्ये ७९व्या क्रमांकावर घेतलेला जेम्स हर्ड पुढे लीगमधल्या सर्वोत्कृष्ट खेळाडूचं पदक घेऊन गेला आणि २००० मध्ये त्याच्या नेतृत्वाखाली क्लब विजेता झाला. म्हणजे त्याच्याआधी ७८ वेळा कुणीतरी दुसरंच नाव घेतलं होतं.

ड्राफ्टमधला अन्यायही समजून घ्यायला हवा. खेळाडूला घर, गाव, क्लब निवडता येत नाही. अठराव्या वर्षी खंडाच्या दुसऱ्या टोकाला जायचं. संघांमधली समानता खेळाडूच्या मर्जीतून वसूल केली जाते.

सांगवान की कोहली

आपल्याकडेही एक ड्राफ्ट झाला होता, हे अनेकांना आठवत नाही. २००८ मध्ये पहिल्या आयपीएलच्या वेळी, १९ वर्षांखालील विश्वचषक नुकताच जिंकून आलेल्या मुलांचा लिलाव न करता त्यांची ड्राफ्टने वाटणी झाली. दिल्लीकडे विराट कोहलीला घेण्याची संधी होती. मुलगा दिल्लीचाच, विश्वविजेत्या संघाचा कर्णधार. दिल्लीने घेतला प्रदीप सांगवान. कोहली ३० हजार डॉलरला बंगळुरूकडे गेला.

आज हे वाचून हसू येतं. पण त्या दिवशीच्या दिल्लीच्या संघाकडे बघा: सेहवाग, गंभीर, डिव्हिलियर्स, दिलशान. फलंदाज उदंड होते. डावखुरा वेगवान गोलंदाज हवा होता आणि सांगवान त्याच मोसमात रणजी जिंकलेल्या दिल्ली संघातला होता. 'आत्ताची गरज' की 'उद्याची गुणवत्ता', या जगातल्या प्रत्येक ड्राफ्टमधल्या वादात दिल्लीने पहिल्याला कौल दिला. निकाल चुकला, तर्क चुकला नव्हता. आणि सांगवानही संपला नाही. २०२२ मध्ये विजेत्या गुजरात टायटन्सच्या ताफ्यात तो होता, दर्शन नळकांडेच्या सोबत.

अमरावती, वर्धा आणि ११ कोटी

८ एप्रिल २०२२. दर्शनचं आयपीएल पदार्पण, पंजाबविरुद्ध. त्याने लागोपाठच्या दोन चेंडूंवर बळी घेतले. त्यातला पहिला जितेश शर्मा, अमरावतीचा, विदर्भ संघातला त्याचाच सहकारी. वर्ध्यात जन्मलेल्याने अमरावतीकराला बाद केलं, तेही मुंबईच्या मैदानावर, गुजरात आणि पंजाबच्या जर्सीत. लिलावाच्या काळात 'आपला' खेळाडू म्हणजे नेमका कोण, हे यापेक्षा सोपं करून सांगता येणार नाही.

जितेशला २०१६ मध्ये मुंबईने १० लाखांना घेतलं होतं. एकही सामना मिळाला नाही. पंजाबने २०२२ मध्ये २० लाखांना घेतलं. नोव्हेंबर २०२४ मध्ये बंगळुरूने ११ कोटी मोजले. मे २०२५ मध्ये लखनौविरुद्ध त्याने ३३ चेंडूंत नाबाद ८५ धावा केल्या आणि त्या वर्षी बंगळुरू पहिल्यांदा विजेता झाला. तेव्हा तो ३१ वर्षांचा होता. वयाच्या चाळणीत तो कधीच गळून पडला असता.

मधल्या काळात विदर्भाचं चित्रही पालटलं होतं. १ जानेवारी २०१८ रोजी इंदूरमध्ये दिल्लीला ९ गड्यांनी हरवून विदर्भाने पहिल्यांदा रणजी जिंकली. कर्णधार फैज फजल, प्रशिक्षक चंद्रकांत पंडित, सोबत वसीम जाफर. अंतिम सामन्यात रजनीश गुरबानीने हॅट्ट्रिक घेतली. तो सिव्हिल इंजिनिअर. (इंजिनिअरिंग करून भलतंच काम करणाऱ्यांत तो आमचा सर्वांत यशस्वी प्रतिनिधी.) पुढच्याच हंगामात पुन्हा विजेतेपद आणि २०२४-२५ मध्ये तिसरं.

या तिसऱ्या विजयात एक गंमत आहे. विदर्भाचा फिरकीपटू आदित्य सरवटे तोवर केरळकडे गेला होता आणि अंतिम सामन्यात विदर्भाविरुद्धच उभा राहिला. त्याने ७९ धावाही केल्या. विदर्भाकडून कर्नाटकातून आलेला करुण नायर शतक करत होता. म्हणजे ज्या विदर्भातून खेळाडू बाहेर जात, तिथे आता बाहेरचे येऊ लागले आहेत. आणि हर्ष दुबे या डावखुऱ्या फिरकीपटूने त्या हंगामात ६९ बळी घेऊन रणजीचा विक्रम केला.

हर्ष दुबेला त्या आधीच्या मोठ्या लिलावात कुणी घेतलं नव्हतं. मे २०२५ मध्ये हैदराबादने त्याला बदली खेळाडू म्हणून बोलावलं.

मग वाद कशावर घालायचा?

राजा, विभागीय समिती, गुणवत्ता शोधणारे, ड्राफ्ट, लिलाव. प्रत्येक पद्धतीने आधीच्या पद्धतीतला एक अन्याय दुरुस्त केला आणि स्वतःचा एक नवा आणला. लिलावाने खाणीतल्या कामगाराच्या मुलाला पैसा दिला, हे मोठं काम आहे. पण लिलाव फक्त यादीतल्या नावांवर होतो. यादीत नाव येण्यासाठी आधी जिल्ह्यात मैदान लागतं, चामड्याचा चेंडू लागतो, नागपूरला निवड चाचणीला जायला एसटीचं भाडं लागतं आणि तिथे बघणारं कुणीतरी लागतं.

लिलावाच्या दिवशी आमच्याकडे पहिला प्रश्न असतो, "आपल्यातला कोनी गेला का बे?" प्रश्न चांगला आहे, फक्त फार उशिरा विचारला जातो. विदर्भाचं जामठ्याचं मैदान नागपूर-वर्धा रस्त्यावरच आहे. भारताच्या सामन्याला तिथे तिकिटासाठी झुंबड उडते. रणजीच्या साध्या सामन्याला कुठेही बसा. उद्याचा हर्ष दुबे तिथे दिवसाला तीस षटकं टाकत असतो आणि त्याच्यावर वाद घालायला अजून कुणी आलेलं नसतं.