लेगो ठोकळे : जुन्या मालाचा ठोक व्यापार

मुलांच्या खेळातून निघालेले लेगो ठोकळे वजनावर विकत घ्यायचे आणि निवडून, धुऊन, भागवार लावून नगावर किंवा संचावर विकायचे, असा व्यवसाय. अमेरिका, ब्रिटन, जर्मनी, नेदरलँड्स या देशांत तो घरगुती जोडधंद्यापासून पूर्णवेळ दुकानापर्यंत लहानमोठ्या प्रमाणावर चालतो. विकणाऱ्याला आपल्या पेटीत काय आहे हे माहीत नसते, किंवा माहीत असले तरी ते शोधत बसायला सवड नसते. घेणारा ती सवड काढतो आणि तिचे पैसे करतो. व्यापार खेळण्यांचा दिसला तरी कमाई निवडण्याच्या मजुरीची असते. खरेदीच्या वेळी ही मजुरी हिशेबात न धरणारे पुष्कळ असतात.

डेन्मार्कमधील बिलुंड येथे ओले कर्क क्रिस्टियान्सन या सुताराने १९३२ मध्ये लाकडी खेळणी बनवायला सुरुवात केली. प्लॅस्टिकचे ठोकळे १९४९ पासून निघाले. वर गोल उंचवटे आणि आत पोकळ नळ्या ही आजची रचना मात्र २८ जानेवारी १९५८ रोजी पेटंटसाठी दाखल झाली. त्या रचनेचा जुना ठोकळा आजच्या नव्या ठोकळ्यावर नीट बसतो, आणि जुन्या मालाची किंमत टिकते ती मुख्यतः यामुळे. दुसऱ्या खेळण्याचा एक भाग हरवला की बाकीचे कचऱ्यात जाते. येथे सुटा भागही विकाऊ असतो. १९६३ च्या सुमारास सेल्युलोज ॲसिटेटची जागा एबीएस या टणक प्लॅस्टिकने घेतली. त्याआधीचे ठोकळे काळाने वाकडे होतात व त्यांना संग्राहकांखेरीज गिऱ्हाईक नसते.

माल येतो तो मुले मोठी झालेल्या घरांतून. अमेरिकेत गराज सेल आणि गुडविलसारख्या धर्मादाय संस्थांची दुकाने, ब्रिटनमध्ये मोटारीच्या डिकीत माल मांडून भरणारे रविवारचे बाजार, नेदरलँड्समध्ये २७ एप्रिलला राजाच्या वाढदिवशी रस्त्यावर सतरंज्या पसरून मुलांनीच मांडलेली विक्री ही त्याची ठिकाणे. या जोडीला ईबे, फेसबुक मार्केटप्लेस आणि गुडविलचे स्वतःचे ऑनलाइन लिलाव आहेत. लिलावात सगळ्यांना एकच फोटो दिसतो आणि सगळेच तो मोठा करून पाहतात, त्यामुळे स्वस्त माल सहसा लिलावाबाहेर, तळघर रिकामे करायची घाई असलेल्या पालकांकडे मिळतो.

मालाची पारख : पहिला प्रश्न असतो तो हा की माल आधी कोणी चाळला आहे का. फोटोत नुसते लाल, निळे, पिवळे चौकोनी ठोकळे दिसत असतील आणि चाके, दारे-खिडक्या, बिजागऱ्या, टेक्निक मालिकेचे दंड यांतले काहीच नसेल, तर कोणीतरी मलई काढून घेतलेली असते. उलट तळाशी पुस्तिकांचे फाटके कागद, गोट्या, पेन्सिलीची टोके, एखादे नाणे, केसांचे गुंतवळे असा ऐवज दिसला तर पेटी मुलाच्या खोलीतून थेट आल्याची बरीच खात्री देता येते. घाण धुता येते, गेलेला माल परत येत नाही. अनुभवी खरेदीदार ढिगात मिनिफिगरचे सुटे पाय किंवा केसांचा टोप शोधतात. ते दिसले की बाकीचे शरीरही त्याच ढिगात असण्याचा संभव वाढतो.

१९७८ मध्ये आलेली ही मिनिफिगर, म्हणजे हातपाय हलणारी बाहुली, या व्यापाराचा कणा आहे. तिचे वजन तीन ग्रॅमच्या आसपास असते. दोन बाय चार उंचवट्यांचा नेहमीचा ठोकळा सव्वादोन ग्रॅमहून थोडा जड, म्हणजे किलोत साधारण ४३० नग. तराजूवर बाहुली आणि ठोकळा जवळजवळ सारखेच, बाजारात मात्र दुर्मीळ बाहुलीच्या किमतीत अख्खी पिशवी येते. १९९९ पासून स्टार वॉर्सचे परवान्याचे संच निघाले आणि ही तफावत फारच वाढली. जाणता विक्रेता बाहुल्या आधी बाजूला काढतो आणि वेगळ्या विकतो. ज्याने काढलेल्या नाहीत तो एकतर अजाण असतो किंवा प्रामाणिक. खरेदीदाराला दोन्ही चालतात.

रंगांची नजर कमवावी लागते. २००४ च्या सुमारास कंपनीने फिका व गडद असे दोन्ही करडे रंग बदलून निळसर केले आणि तपकिरीला तांबूस केले. दिव्याच्या पिवळ्या उजेडात जुना करडा व नवा करडा एकसारखे दिसतात, गिऱ्हाइकाच्या घरी दिवसाउजेडी मात्र भिंतीवर ठिगळ उमटते आणि तक्रार येते. निवडीचे टेबल खिडकीशी किंवा पांढऱ्या दिव्याखाली ठेवतात ते यासाठी. तांबूस तपकिरी भागांची आणखी एक खोड आहे : त्यांतले बरेच ठिसूळ निघतात आणि पकडीचा भाग दाबताच तुटतो. पांढरे आणि निळे उन्हाने पिवळटतात. हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये बुडवून उन्हात ठेवले की पिवळेपणा उतरतो, पण तो पुन्हा येऊ शकतो, आणि असा उजळलेला माल तसे न सांगता विकणे ही लबाडीच. फोटोत हमखास न दिसणारा दोष म्हणजे दातांच्या खुणा. घट्ट बसलेल्या पातळ प्लेटा मुले दातांनी उचकटतात; कडेवर बोट फिरवले की ते बारीक खड्डे लागतात. भाव अशा नगाला निम्माही येत नाही.

ढिगात परके ठोकळेही असतात. मूळ पेटंटची मुदत संपल्यावर कंपनीने ठोकळ्याचा आकार हाच आपला ट्रेडमार्क असल्याचा दावा न्यायालयांत मांडला. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये मेगा ब्लॉक्सच्या उत्पादकाविरुद्धच्या खटल्यात तो फेटाळला. युरोपीय न्यायालयानेही २०१० मध्ये उपयुक्ततेतून आलेल्या आकाराला ट्रेडमार्क नाकारला. परिणामी जुळणारे ठोकळे बनवणे कायदेशीर ठरले आणि घरोघरच्या डब्यांत ते मिसळले. चीनमधील लेपिनसारख्यांनी तर पूर्ण संचच नकलून काढले. तेथील पोलिसांनी २०१९ मध्ये छापे घालून लेपिनचा कारखाना बंद केला. ओळख सोपी असते : अस्सल ठोकळ्याच्या प्रत्येक उंचवट्यावर कंपनीचे नाव असते. सोपी, पण नगागणिक पाहावी लागणारी. परक्या मालाला वेगळा बाजार जवळपास नाही, त्यामुळे वजनात त्याचे दिलेले पैसे बुडीत धरावे लागतात.

निवड आणि सफाई : नवखा माणूस आधी रंगांचे ढीग लावतो. ते डोळ्यांना बरे वाटते, पुढे त्रास देते. काळ्या ढिगातली काळी बारीक खीळ सापडत नाही. एकाच आकाराच्या ढिगातून हवा तो रंग मात्र चटकन उचलता येतो. म्हणून आधी आकार, मग रंग. एका नगाला ओळखून डब्यात टाकायला दहा सेकंद धरले, तरी वर सांगितलेल्या ४३० नगांच्या किलोला सव्वा तासाच्या जवळपास लागतो. मिश्र मालात बारीक भाग अधिक असल्याने नग आणि वेळ दोन्ही वाढतात. दहा किलोची पेटी घेणाऱ्याने हा गुणाकार पैसे देण्यापूर्वी करावा.

धुण्यासाठी कंपनी ४० अंश सेल्सियसपर्यंतचे पाणी आणि हात एवढेच सांगते. विक्रेते सर्रास जाळीच्या पिशवीत भरून वॉशिंग मशीन वापरतात. कोमट पाण्यात बहुतेक वेळा निभावते, पण पारदर्शक भागांवर ओरखडे येतात. स्टिकर असलेले भाग, मोटारी आणि विजेच्या वायरी आधीच वेगळ्या काढाव्या लागतात. पाणी नळ्यांत अडकून राहते. न वाळवता डबा बंद केला तर कुबट वास धरतो. सिगारेटचा वास मात्र धुऊनही चिवटपणे राहतो आणि युरोप-अमेरिकेतल्या जाहिरातींत धूम्रपान नसलेल्या घराचा उल्लेख असतो तो या कारणाने.

प्लिमथ विद्यापीठातील अँड्र्यू टर्नर यांनी ब्रिटनमधील जुनी प्लॅस्टिक खेळणी तपासून २०१८ मध्ये जे निष्कर्ष प्रसिद्ध केले, त्यांत कित्येक नमुन्यांत कॅडमियम, शिसे अशी घातक द्रव्ये आढळली; पिवळे, लाल व काळे प्लॅस्टिक त्यांत ठळक होते आणि जुने लेगो ठोकळेही होते. फार जुना माल संग्राहकांनाच विकावा, तान्ह्यांच्या हाती जाऊ देऊ नये, असे यावरून म्हणावे लागते.

विक्री : सुट्या भागांची जागतिक पेठ म्हणजे ब्रिकलिंक. डॅनियल येझेक या तरुणाने २००० मध्ये ती उभारली. २०१० मध्ये त्याचा मृत्यू झाला, २०१३ मध्ये पेठेची मालकी दक्षिण कोरियाच्या नेक्सॉन कंपनीचे संस्थापक किम जुंग-जू यांच्याकडे गेली आणि २०१९ मध्ये लेगो समूहानेच ती विकत घेतली. तेव्हा तिच्यावर सुमारे ७० देशांतली दहा हजारांवर दुकाने होती. प्रत्येक साच्याला क्रमांक असतो (दोन बाय चारचा ३००१) आणि तो भाग मागील सहा महिन्यांत कोणत्या भावाने विकला गेला ते तेथे दिसते. मालाच्या प्रती दोनच, नवा आणि वापरलेला. खरेदीदार एखाद्या अर्धवट संचातले हरवलेले बारा भाग मागवतो. विक्रेत्याचा दिवस मग डब्यांतून बारा वेगवेगळे नग वेचण्यात जातो. ज्याला हे नको तो पुस्तिकेवरच्या क्रमांकावरून संच पुन्हा जुळवतो, उणे असलेले भाग विकत आणतो आणि संपूर्ण संच विकतो.

या साखळीतला भावाचा फरक नेदरलँड्सचे संगणकतज्ज्ञ जॅक मॅथेई यांनी २०१७ मध्ये मांडला होता : मिश्र माल किलोला सुमारे १० युरो, पूर्ण संच सुमारे ४०, दुर्मीळ भाग शेकडो युरो. हे पाहून त्यांनी ईबेवर रात्री अनेक लॉटांवर बोली लावल्या आणि सकाळी जवळजवळ सगळे आपल्यालाच मिळाल्याचे पाहिले. सगळेच लिलाव आपण जिंकत असू तर आपली बोली चढी आहे, हा त्यांनी स्वतःच काढलेला धडा. असा गोळा झालेला दोन टन माल हाताने निवडणे अशक्य होते. मग त्यांनी सरकता पट्टा, कॅमेरा, भाग ओळखणारे न्यूरल नेटवर्क आणि भाग डब्यात उडवणारे हवेचे फवारे अशी यंत्रणा घरी बांधली. ती चालली, आणि तिच्यावर गेलेले श्रम हे मजुरीच्या प्रश्नाचे उत्तम उत्तर आहे की त्याचाच मोठा नमुना, हे ज्याने त्याने ठरवावे.

अनपेक्षित घबाडाच्या गोष्टी या धंद्यात पुष्कळ फिरतात. त्यांतली खरी म्हणजे पेनसिल्व्हेनियातील दुबॉय येथील गुडविलला दान आलेल्या वस्तूंत बायोनिकल मालिकेचा १४ कॅरट सोन्याचा मुखवटा मिळाला आणि २०२४ च्या सुरुवातीला तो १८,१०१ डॉलरला विकला गेला. २००१ साली असे जेमतेम ३० मुखवटे घडवले होते. पैसा धर्मादाय संस्थेला मिळाला, फेरविक्रेत्याला नाही. बातमीनंतर पेट्यांवरच्या बोली चढवायला मात्र फेरविक्रेतेच पुढे असतात.

भारतात किलोच्या भावाने लेगो मिळेल असा बाजार तयार झालेला नाही. खेळण्यांवरील आयातशुल्क २०२० मध्ये २० वरून ६० टक्के आणि २०२३ मध्ये ७० टक्के झाले. १ जानेवारी २०२१ पासून भारतीय मानक ब्यूरोचे प्रमाणपत्रही सक्तीचे झाले. नवा संच महाग, म्हणून घरात साठा थोडा; आणि जो असतो तो आतेमामे भावंडांकडे जातो. पुण्या-मुंबईत एखाद्या घरातून पेटी विकायला निघालीच, तर तिच्यात लेगो म्हणून देशी आणि चिनी ठोकळे भरपूर मिसळलेले असतात, कारण आपल्याकडे कुठल्याही जुळणाऱ्या ठोकळ्याला लेगोच म्हणतात. परदेशातून वापरलेला माल व्यापारासाठी आणायचा तर परवान्याचा प्रश्न येतो. तेव्हा येथला व्यवहार संचागणिक, ओळखीपाळखीतून चालतो आणि तराजू लागतो तो भंगारवाल्याकडे, जिथे अस्सल आणि नक्कल दोन्ही प्लॅस्टिकच्या एकाच भावाने जातात.