भोंगा थांबल्यावर कॅमेरा
(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

कमी पैशांत सिनेमा करायला निघालेली मुलं आमच्या कोल्हापूर जिल्ह्यात पुष्कळ आहेत. त्यांचा एक प्रश्न हमखास असतो : एखादी बंद पडलेली गिरणी, ओसाड कारखाना, निदान पडकं गोदाम शूटिंगला मिळेल का? मारामारी, खलनायकाचा अड्डा, भुताचा प्रवेश, पावसातलं गाणं, सगळं अशा जागेत भागतं. सेट उभारायला लागत नाही. प्रश्न साधाच आहे. पण त्याचं उत्तर शोधत गेलं की मुंबईच्या कुलाब्यापासून आजऱ्यातल्या एखाद्या घराच्या माळ्यावरच्या लोखंडी ट्रंकेपर्यंत जावं लागतं.

सिनेमा आणि कारखाना यांचं नातं अगदी जन्मापासूनचं आहे. फ्रान्समधल्या लिआँ शहरात ल्युमिएर बंधूंचा फोटोग्राफीच्या काचा तयार करण्याचा कारखाना होता. १८९५ साली त्यांनी आपला नवा कॅमेरा त्याच कारखान्याच्या दरवाजासमोर ठेवला आणि सुटी झाल्यावर बाहेर पडणारे कामगार टिपले. त्यांत बायका बऱ्याच होत्या. एक मिनिटही न चालणारी ही फीत जगातल्या पहिल्या चित्रपटांत गणली जाते. पुढच्याच वर्षी, ७ जुलै १८९६ रोजी, मुंबईत वॉटसन हॉटेलात ल्युमिएर यांच्या सहा फिती दाखवल्या गेल्या. तिकीट एक रुपया. त्या सहांत आगगाडी येतानाची फीत होती, कारखाना सुटल्याची होती आणि एक भिंत पाडतानाचीही होती. कारखाना आणि पाडकाम, एका रुपयात एकाच खेळाला! निव्वळ योगायोग, पण गिरण्यांच्या मुंबईसाठी जरा विचित्रच म्हणायचा. लिआँच्या त्या कारखान्याची उरलेली शेड मात्र लोकांनी जपली. तिथं आज चित्रपटगृह आहे.

मुंबईत तेव्हा गिरणी सुरू होऊन चाळीस वर्षं झाली होती. कावसजी दावर यांनी १८५४ साली कंपनी काढली आणि १८५६ मध्ये ताडदेवला सूत निघू लागलं. आता आमच्या आजऱ्याकडे या. आजरा हा इचलकरंजीच्या घोरपड्यांच्या जहागिरीतला महाल. इचलकरंजीत विठ्ठलराव दातारांनी १९०४ साली पहिला यंत्रमाग बसवला आणि त्या गावाचं नशीब पालटलं. दोनच वर्षांनी, १९०६ साली, राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात शाहू मिलचा पाया घातला. आजऱ्याच्या वाट्याला त्या काळी माग आला नाही की मिल आली नाही. इथं धो धो पाऊस, जंगल, हिरण्यकेशीचं पाणी आणि घनसाळ भाताचा घमघमाट. जमिनीचे तुकडे लहान, तेही डोंगरउताराचे. खाणारी तोंडं वाढली तसे आजरा, चंदगड, गडहिंग्लज, भुदरगड भागातले बापे मुंबईला गेले आणि गिरणीत चिकटले.

या प्रवासावरचा सिनेमा कोल्हापुरातच तयार झाला, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. कलामहर्षी बाबूराव पेंटरांनी १९२५ साली ‘सावकारी पाश’ काढला. कथा नारायण हरी आपट्यांची. सावकाराच्या कचाट्यात जमीन गमावलेला शेतकरी शहरात जातो आणि गिरणी कामगार होतो. शेतकऱ्याच्या भूमिकेत तरुण व्ही. शांताराम. पुराणकथांची चलती असलेल्या काळात हा विषय घ्यायला धाडस लागत होतं. आणि ज्यांनी तो घेतला ते बाबूराव स्वतः हत्यारं हातात धरणारे कारागीर. त्यांनी आणि त्यांचे भाऊ आनंदराव यांनी सिनेमाचा कॅमेरा घरी तयार करायचं मनावर घेतलं. आनंदराव १९१६ मध्ये गेले, तरी बाबूरावांनी ते काम तडीला नेलं. आज बजेट नाही म्हणून अडून बसणाऱ्या मुलांना मी हे मुद्दाम सांगतो.

मुंबईला गेलेला आजऱ्याचा माणूस राहायचा कुठं? गावकीच्या खोलीत. गावानं मिळून वर्गणी काढून घेतलेली एक खोली, आणि तिच्यात एका गावचे वीस-वीस, तीस-तीस जण. प्रत्येकाला भिंतीकडेला एक ट्रंक ठेवण्यापुरती जागा. एक पाळी कामावर, तर दुसरी पाळी त्याच वळकटीवर झोपलेली. जेवण खानावळवाल्या बाईकडे. गावात लग्न निघालं, विहीर काढायची ठरली, देवळाचं काम निघालं, की पहिली रक्कम या खोल्यांतून यायची. आमच्याकडच्या कितीतरी घरांवर चढलेली कौलं गिरणीच्या पगाराची आहेत.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर आले. तो संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही. तो विरत गेला आणि त्याच्याबरोबर गिरण्याही. माणसं ट्रंका घेऊन एसटीनं गावी परतली. मागं राहिल्या त्या भिंती, चिमण्या आणि शेकडो फूट लांबीचे रिकामे खाते.

सिनेमावाल्यांची नजर आता त्यांवर गेली. त्यांत सर्वांत नाव झालं कुलाब्याच्या मुकेश मिलचं. समुद्राला अगदी लागून असलेली ही जुनी दगडी गिरणी ऐंशीच्या दशकात बंद पडली; आगीनंही तिचं नुकसान केलं. मग वर्षानुवर्षं ती शूटिंगसाठी भाड्यानं जात राहिली. मुकुल आनंद यांच्या ‘हम’ या १९९१ सालच्या चित्रपटातलं ‘जुम्मा चुम्मा’ हे गाणं तिथलं. अमिताभ बच्चन त्यात गोदी कामगार आहेत आणि त्यांच्या मागं नाचणारा जमावही कामगारांचाच. खऱ्या कामगारांना जिथं काम उरलं नव्हतं तिथं पोशाखी कामगार आले, आणि त्यांना रोजचा रोज मिळाला! या गिरणीत भूत आहे अशी बोलवाही सिनेमावाल्यांत पसरली. भूत कोणाचं, हे मात्र कुणी सांगितलेलं मी ऐकलं नाही.

गिरणीच का, याचीही कारणं पक्की आहेत. मागाच्या खात्याचं छप्पर करवतीच्या दात्यांसारखं असतं, आणि दात्याच्या उभ्या बाजूची काच उत्तरेकडे तोंड करून. उत्तरेकडून ऊन थेट आत येत नाही. दिवसभर सारखा, मऊ उजेड येतो. विणकराला तुटलेला धागा दिसावा म्हणून केलेली ही सोय कॅमेरामनला फुकटात मिळते. मूकपटांच्या काळात उन्हाला पांढऱ्या कापडाचा आडोसा करून हाच उजेड साधत असत. बाबूरावांनी तर १९२३ च्या ‘सिंहगड’साठी विजेचे दिवे वापरले, त्याची तेव्हा नवलाई होती. शिवाय खात्यात मध्ये भिंत नसते, फक्त लोखंडी खांबांच्या रांगा, त्यामुळे कॅमेरा हवा तितका मागं नेता येतो. मालाचे ट्रक जायचे ते फाटक जनरेटरची गाडी सहज आत घेतं. रंग फासा, भिंतीला भगदाड पाडा, विचारणारा शेजारी नाही.

तोटे कुणी सांगत नाही, ते मी सांगतो. वर्षानुवर्षं यंत्राचं तेल प्यालेली लाकडी जमीन ठिणगीला टपलेली असते. जुन्या सिमेंटच्या पत्र्यात ॲस्बेस्टॉस असतं, त्याची धूळ फुप्फुसात गेली की निघत नाही. गंजलेल्या जिन्यावर नटाला पळवू नये. कबुतरं संवाद बोलू देत नाहीत. आणि आमच्या आजऱ्याच्या पावसात पत्र्याखाली आवाज मुद्रित करणं म्हणजे ताशाच्या कडकडाटात कीर्तन ऐकण्यासारखं.

परवानगीचा घोळ त्याहून मोठा. ओसाड जागा बेवारस दिसते, पण बेवारस नसते. कारखाना बंद पडला की तिथं बँक येते, कोर्ट येतं, अवसायक येतो, आणि ज्यांची देणी थकली आहेत असे कामगार तर असतातच. कुलपाची किल्ली ज्याच्या हाती त्याला आत सोडायचा अधिकार असेलच असं नाही. फाटकावरच्या रखवालदाराला शंभराची नोट देऊन आत शिरणारी मंडळी आहेत; अपघात झाला म्हणजे त्यांना कायदा कळतो.

कोल्हापूरची शाहू मिल २००३ साली बंद झाली. शहराच्या मध्यभागी एवढी मोठी दगडी वास्तू, त्यामुळे आमच्या मुलांचा डोळा तिच्यावर असणं स्वाभाविकच. पण कोल्हापूरकरांच्या लेखी ती शाहू महाराजांची खूण आहे. तिथं महाराजांचं स्मारक व्हावं ही मागणी जुनी, आणि स्मृतिशताब्दीच्या वर्षी, २०२२ मध्ये, तिच्या आवारात कार्यक्रम झाले तेव्हा लोक रांगेनं आत गेले. मोरेवाडीच्या माळावरची कोल्हापूर चित्रनगरी हा तर आणखी गमतीचा मामला. सरकारनं सिनेमासाठी उभारलेली ही जागा कित्येक वर्षं स्वतःच ओसाड होती. ओसाड लोकेशन हवं असणाऱ्याला त्या काळी तिकडेच पाठवायला हवं होतं! पुढं तिथं पुन्हा मालिकांची, सिनेमांची कामं सुरू झाली.

आणि खुद्द आजऱ्यात? गवश्याचा आमचा साखर कारखाना मध्यंतरी काही हंगाम बंद राहिला. चंदगडचा ‘दौलत’ तर त्याहून अधिक काळ. त्या दिवसांत गवश्यावरून जाताना धूर नसलेली चिमणी बघवत नसे. लांबून पाहणाऱ्याला ते झकास लोकेशन वाटलं असेल; ज्याचा ऊस शेतात उभा होता त्याला विचारावं. गवश्याचा कारखाना पुन्हा धुराडं पेटवून उभा राहिला, ‘दौलत’ भाडेतत्त्वावर सुरू झाला. बंद म्हणजे संपलं असं इथं कुणी मानत नाही, आणि मानू नये.

हे ज्यांना कळलं त्यांनी कमी पैशांत वेगळे चित्रपट केले. आनंद पटवर्धन यांचा ‘ऑक्युपेशन : मिल वर्कर’ हा १९९६ सालचा लघुपट पाहा. चार वर्षं टाळेबंदीत असलेल्या न्यू ग्रेट ईस्टर्न मिलमध्ये कामगार जबरीनं शिरतात आणि गिरणीचा ताबा घेतात. लोकेशन तेच, धूळ तीच. पण फाटक उघडणारे हात वेगळे. अंजली मोंतेरो आणि के. पी. जयशंकर यांनी २००१ मध्ये ‘साचा’ केला, त्यात कवी नारायण सुर्वे आणि चित्रकार सुधीर पटवर्धन गिरणगावाविषयी बोलतात. जयंत पवारांच्या ‘अधांतर’ नाटकावरून महेश मांजरेकरांनी २०१० मध्ये ‘लालबाग परळ’ काढला, तो संपानंतरच्या घरात शिरतो. या सगळ्यांत गिरणी नुसता पडदा म्हणून मागं लटकत नाही.

आमच्या भागात अजून एक सामान आहे, ज्यावर कलादिग्दर्शकांचा डोळा असतो. गिरणीच्या जमिनींवर कामगारांसाठी घरं बांधून सोडतीनं द्यायची योजना आली. २०१२ साली म्हाडानं ६,९२५ घरांची सोडत काढली; अर्ज त्याच्या कितीतरी पट. अट अशी, की १ जानेवारी १९८२ रोजी किंवा त्यानंतर आपण गिरणीत कामाला होतो हे कागदानं दाखवायचं. तिकीट नंबरचं कार्ड, हजेरीचं कार्ड, फंडाची पावती, विमा योजनेचा नंबर, असलं काहीतरी. आजऱ्यात, चंदगडात, गडहिंग्लजला या घरांसाठी मेळावे झाले, मोर्चे निघाले. बरेचसे कामगार वाट पाहतच गेले. आता वारस येतात, काठी टेकत विधवा येतात, हातात प्लॅस्टिकची पिशवी आणि तिच्यात तो पिवळा पडलेला कागद.

मध्यंतरी आमच्या ओळखीची काही मुलं गिरणीवर एक लहानसा सिनेमा करत होती. खऱ्या वस्तू हव्यात म्हणून ती गल्लीतल्या एका आजींकडे गेली. आजींनी ट्रंक काढली. नवऱ्याचा डबा दिला, घोंगडी दिली, गावकीच्या खोलीतला कंदीलही दिला. तिकीट नंबरचं कार्ड मुलांनी हातात घेऊन पाहिलं, तेवढ्यात त्यांनी ते मागून घेतलं. म्हणाल्या, ‘‘ह्याचा फोटो काढा बाळांनो, कार्ड न्हाई द्यायची. आमचा नंबर अजून लागायचा हाय.’’