मुका मार, जखम आणि जबर दुखापत

१/ अंबड तालुक्यातील अंतरवाली सराटी, १ सप्टेंबर २०२३. मराठा आरक्षणासाठी चाललेल्या उपोषणाच्या ठिकाणी लाठीमार झाला. आंदोलक आणि पोलीस, दोन्हीकडील माणसे जखमी झाली. अशा वेळी कोणाला ‘जखमी’ म्हणायचे आणि कोणाला ‘नुसता मुका मार’ लागला म्हणायचे? या शब्दांमागे मोठा इतिहास आहे.

२/ ‘घाव’ संस्कृत ‘घात’पासून आला. ‘जखम’ फारसीतून आणि ‘इजा’ अरबीतून मराठीत रुळली. वैद्यकाचा शब्द मात्र ‘व्रण’.

३/ सुश्रुतसंहितेत आघाताने झालेल्या ताज्या व्रणाचे सहा प्रकार आहेत : छिन्न, भिन्न, विद्ध, क्षत, पिच्चित, घृष्ट. छिन्न म्हणजे कापलेला, विद्ध टोचलेला, पिच्चित चेचलेला, घृष्ट खरचटलेला. वर्गीकरण जखमेच्या रूपावरून आहे.

४/ लोकभाषाही डोळ्यांना दिसते तेच आधी मोजते. कातडी फाटली नाही, रक्त आले नाही, की तो मार ‘मुका’. पाठीवर वळ उठले, अंग काळेनिळे पडले, तरी शब्द तोच राहतो.

५/ कायद्याने वेगळे माप लावले. १८६० च्या भारतीय दंडसंहितेने शारीरिक वेदना, रोग किंवा विकलता घडवणे म्हणजे ‘दुखापत’ ठरवली. रक्ताची अट नाही. म्हणजे मुका मारही दुखापतच.

६/ ‘जबर दुखापत’ मात्र आठ प्रकारांपुरतीच : दृष्टी किंवा श्रवणशक्ती कायमची जाणे, हाड किंवा दात मोडणे, जिवाला धोका होणे, वीस दिवस तीव्र वेदना राहणे इत्यादी. जाणूनबुजून केलेल्या साध्या दुखापतीस कमाल एक वर्ष कैद, जबर दुखापतीस सात वर्षांपर्यंत.

७/ अंबड तेव्हा निजामाच्या राज्यात होते. १९४८ मध्ये हैदराबाद भारतात सामील झाले आणि १९५१ मध्ये ही संहिता इथे लागू झाली. १ जुलै २०२४ पासून तिची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली. वीस दिवसांचे पंधरा झाले.

८/ म्हणून दवाखान्याच्या कागदावरचा शब्द महत्त्वाचा. वरून ‘मुका’ दिसणाऱ्या मारात आतले हाड मोडलेले असू शकते. क्ष-किरण तपासणी न करता ‘किरकोळ’ लिहिले गेले, तर सात वर्षांचा गुन्हा एका वर्षाचा होतो.