पैनगंगेच्या अल्याड-पल्याड

गेल्या श्रावणात मी आयुष्यात पहिल्यांदा तिकीट काढून माझीच नदी बघायला गेलो. माझीच म्हणायचं कारण असं, की आमचं मूळ गाव उमरखेड तालुक्यात, पैनगंगेपासून दोन कोसांवर. लहानपणी नदी म्हणजे म्हशी धुण्याची जागा. ती 'बघायची' असते, हे कुणी सांगितलं नव्हतं.

सहल यवतमाळहून एका दिवसाची होती. पहाटे पाचला निघायचं, माहूरचा गड चढायचा, वझऱ्याचा धबधबा, मग किनवटच्या जंगलातून इस्लापूरमार्गे सहस्रकुंड आणि रात्री उमरखेड, महागाव करत परत. नाश्ता, जेवण आणि गाईड यांच्यासह. मुलीनं परस्पर पैसे भरून टाकले होते. म्हणाली, "अब्बा, घरात बसून नदीवर कविता लिहिता, एकदा तिच्याकडे जाऊन तरी या."

गाडीत सतरा माणसं होती. गाईड पंचविशीतला, उत्साही पोरगा. "काका, खिडकीजवळ बसा, धुकं छान दिसेल," असं म्हणून त्यानं मला जागा करून दिली. आर्णी यायच्या आत त्यानं हजेरी घेतली. माझं नाव वाचलं आणि म्हणाला, "चाचा, तुम्ही नाश्त्याला काय घ्याल?" दोन मिनिटांत मी काकाचा चाचा झालो. त्यात त्याचं काही वाईट नव्हतं. आमच्याकडे मुसलमान म्हाताऱ्याला चाचाच म्हणतात, आणि मायेनं म्हणतात. शेजारी एक निवृत्त गुरुजी होते. त्यांनी मात्र नेहमीचा प्रश्न विचारला. "तुमचं मराठी इतकं चांगलं कसं हो?"

हा प्रश्न मी पस्तीस वर्षं ऐकतो आहे. कविसंमेलनात ऐकतो, बँकेत ऐकतो, लग्नाच्या पंगतीतही ऐकतो. पूर्वी मी चिडायचो, मग हसायला शिकलो. त्या दिवशी मात्र गुरुजींना म्हटलं, थांबा, धनोड्याला पोचलो की उत्तर दाखवतो.

धनोड्याच्या पुलावरून पैनगंगा ओलांडली की माहूर. पूल येताच गाईडनं माईकवर सांगितलं, "आता आपण विदर्भ सोडून मराठवाड्यात प्रवेश करत आहोत!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. खाली गढूळ पाणी दोन्ही काठांना सारखंच घासत चाललं होतं. मी गुरुजींना म्हटलं, हेच ते उत्तर.

आता बघा, ही नदी सरहद्द कधी झाली? अकबराच्या काळी आईन-इ-अकबरीत वऱ्हाड सुभ्याच्या सरकारांची यादी आहे. तिच्यात कळंब आहे आणि माहूरही आहे. म्हणजे नदीचे दोन्ही काठ वऱ्हाडच. पुढं निजामाच्या राज्यातही दोन्ही काठ एकाच घरात होते. १८५३ साली फौजेच्या खर्चाच्या थकबाकीपोटी इंग्रजांनी निजामाकडून वऱ्हाड ताब्यात घेतला, आणि पैनगंगा दोन राजवटींच्या मधली रेघ झाली. १९०२ साली वर्षाला पंचवीस लाख रुपये खंडावर वऱ्हाड कायमचा इंग्रजांकडे गेला. नावापुरता मालक निजामच. १९३६ च्या करारानं त्याच्या वारसाला 'प्रिन्स ऑफ बेरार' असा किताबही मिळाला. राजपुत्राला किताब वऱ्हाडचा आणि वऱ्हाडचा कारभार इंग्रजांचा. असा तो मामला.

सामान्य माणसाला या करारांशी काय देणंघेणं? पण रेघ त्याच्या रोजच्या जगण्यात उतरली. अल्याड कलदार रुपया, पल्याड हाली सिक्का. सहा कलदारांना साधारण सात हाली पडत. पल्याड माल न्यायचा तर करोडगिरीचा नाका. आमचे आजोबा बैलाच्या बाजाराला पलीकडे जात, तेव्हा कमरेला दोन कसे बांधत, एक कलदारचा आणि एक हालीचा. दादी म्हणायची, तुमच्या आजोबांना दोन बायका परवडल्या असत्या, पण दोन नाणी परवडली नाहीत.

आणि सगळ्यात मोठा फरक भाषेचा. अल्याड इंग्रजी अमलात कचेरी-शाळेचा कारभार मराठीत. पल्याड १८८४ पासून सरकारी भाषा उर्दू, आणि १९१८ साली तर हैदराबादेत उस्मानिया विद्यापीठ उर्दू माध्यमातूनच सुरू झालं. मोठ्या गावांत अल्याडही उर्दू शाळा होत्या, पण आमच्या गावात होती ती एकच शाळा आणि ती मराठी. आजोबा तिच्यात बसले, वडील बसले, मीही बसलो. त्याच काळात पलीकडच्या काठावर देशपांड्यांची, पाटलांची मुलं उर्दूतून गणित सोडवत होती. दोन कोस दक्षिणेला जन्मलो असतो, तर आज मी उर्दू शायर म्हणून मिरवलो असतो, आणि "तुमचं मराठी चांगलं कसं" असं मला कुणी विचारलं नसतं. गुरुजी बराच वेळ गप्प बसले. मग त्यांनी डब्यातला चिवडा पुढं केला.

माहूरला गड चढायला फारसा वेळ लागत नाही. पावसाळ्यात पायऱ्या निसरड्या असतात, एवढंच. रेणुकामातेचं हे साडेतीन पीठांपैकी एक पीठ. परशुरामानं पित्याचे अंत्यसंस्कार इथंच केले अशी कथा आहे. दर्शनाच्या रांगेत आमची निम्मी गाडी गेली, बाकीचे आम्ही समोरच्या किल्ल्यावर. हत्ती दरवाजातून वर गेलं की तटावरून खाली सागाचं जंगल दिसतं. गाईड म्हणाला, "इथं दहा मिनिटं फोटो." मी फोटो काढत नाही. मी तटावर बसून आठवत राहिलो की बापाविरुद्ध बंड करून पळताना शहाजादा खुर्रम, म्हणजे पुढचा शहाजहान, आपले हत्ती आणि सामानसुमान याच गडावर उदारामाच्या हवाली करून दक्षिणेत उतरला होता. या उदारामाच्या घराण्यातली विधवा सावित्रीबाई स्वतः फौज घेऊन लढायची. औरंगजेबानं तिला 'रायबागन' म्हटलं, राजवाघीण. १६६१ साली उंबरखिंडीत शिवाजी महाराजांनी कारतलबखानाला कोंडलं, तेव्हा ती मोगलांच्या बाजूला होती, आणि खानाला वेळीच शरण जायचा सल्ला देणारीही तीच. म्हणजे माहूरची ब्राह्मण विधवा मोगलांकडून लढते आहे. हे ऐकून गाडीतल्या एका तरुणानं विचारलं, "मग ती आपली की त्यांची?" मी म्हटलं, माहूरची. त्याचं समाधान झालेलं दिसलं नाही.

वझऱ्याबद्दल मात्र थोडं सविस्तर सांगायला हवं. माहूरपासून जवळच डोंगराच्या कुशीत हे ठिकाण आहे. गावाचं पूर्ण नाव वझरा शेख फरीद. वझर किंवा वझरा म्हणजे डोंगरातून पाझरणारं पाणी, झरा. पहिला शब्द अस्सल मराठी, पुढचं नाव सूफी संताचं. बाबा फरीद इथं येऊन राहिले होते, अशी लोकांची श्रद्धा आहे. बाबांची कबर पंजाबात पाकपट्टणला आहे, ते तेराव्या शतकातले. वर्ध्याजवळ गिरडलाही त्यांच्या नावाची टेकडी आहे. ते खरोखर इकडे आले होते का, या भानगडीत मी पडत नाही. पण एक गंमत बघा. याच फरीदांची रचना शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात आहे, आणि त्या ग्रंथाला गुरूपद दिलं गेलं ते १७०८ साली, नांदेडला, इथून एका दिवसाच्या वाटेवर. म्हणजे संत स्वतः आला नसेल तरी त्याचे शब्द आले.

दर्ग्यापाशी चप्पल काढून आम्ही खाली उतरलो. धबधबा फार मोठा नाही, पण अंगावर तुषार येतात. आमच्या गाडीतल्या दोन बायकांनी दर्ग्यावर नारळ फोडला, मी फक्त हात जोडल्यासारखं केलं. मला कुठंही नीट हात जोडता येत नाहीत, ही माझी जुनी अडचण आहे.

किनवटकडे निघालो तेव्हा पाऊस लागला. दोन्ही बाजूंना साग, मधूनच मोह आणि पळस. गाईड जंगलातल्या प्राण्यांची नावं सांगत होता. मला माणसं आठवत होती. १९३० साली नदीच्या उत्तरेला, पुसदजवळ, लोकनायक बापूजी अणे यांनी राखीव जंगलातलं गवत कापून इंग्रजांचा जंगल कायदा मोडला आणि तुरुंगात गेले. नदीच्या दक्षिणेला, आदिलाबाद जिल्ह्यात, निजामाच्या जंगल खात्याविरुद्ध गोंडांचा कुमराम भीम उभा राहिला आणि १९४० साली जोडेघाटला गोळीबारात मारला गेला. साग सगळा एकच. अल्याडचा सत्याग्रह आमच्या शाळेच्या पुस्तकात होता, पल्याडचा भीम नव्हता. मला तो चाळिशीत कळला, तोही एका तेलुगू मित्राकडून.

कारण हा भाग तेव्हा नांदेडचा नव्हताच. किनवट तालुका आणि बोथ तालुक्यातलं इस्लापूर सर्कल आदिलाबाद जिल्ह्यात होतं. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची पुनर्रचना झाली, तेव्हा ते मुंबई राज्यात, नांदेड जिल्ह्यात आलं. वऱ्हाडही त्याच दिवशी त्याच राज्यात आला. १८५३ ते १९५६, एकशे तीन वर्षं ही रेघ टिकली. माणसाच्या हिशोबात तीन-चार पिढ्या, नदीच्या हिशोबात काहीच नाही.

इस्लापूरच्या अलीकडे गाईडनं माईक हाती घेतला आणि रझाकारांचा काळ सांगितला. चांगला सांगितला, तयारी करून आला होता. सरहद्दीवर वऱ्हाडच्या बाजूला स्टेट काँग्रेसची शिबिरं होती, उमरखेडला एक होतं, हे त्यानं सांगितलं. ३० जानेवारी १९४८ ला उमरीची बँक लुटून लढ्यासाठी पैसा उभा केला, तेही सांगितलं. रझाकारांनी गावं जाळली, माणसं मारली, आणि १३ ते १७ सप्टेंबर १९४८ च्या पोलीस ॲक्शननं निजामाचं राज्य संपलं. टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या, मनापासून. पण तो "चाचा, तुम्हाला काही..." असं म्हणून थांबला, तेव्हा मी माईक मागून घेतला.

मी भाषण केलं नाही. दादीनं सांगितलेलं तेवढं सांगितलं. त्या वर्षी उन्हाळ्यात नदीपलीकडून बैलगाड्या आल्या, त्यांत हिंदू होते, रझाकारांच्या भीतीनं निघालेले. आमच्या वाड्याच्या अंगणात दोन घरं राहिली, दादी त्यांच्यासाठी वेगळी चूल मांडून द्यायची. पोळ्यानंतर ती माणसं परत गेली. आणि महिन्याभरात पुन्हा नदीपलीकडून बैलगाड्या आल्या. त्यांत मुसलमान होते. अंगण तेच, चूलही तीच. पंडित सुंदरलाल समितीनं पुढं अहवाल दिला, त्यात पोलीस ॲक्शननंतर सगळ्यात जास्त झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत नांदेडचं नाव आहे. हा अहवाल लोकांपुढं यायला २०१३ साल उजाडावं लागलं. दादीला अहवाल माहीत नव्हता. तिला एवढंच आठवत होतं की दोन्ही वेळच्या बायांनी जाताना अंगण सारवून दिलं होतं.

गाडीत कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, आणि ते बरंच झालं. गाईडनं वहीत काहीतरी टिपून घेतलं.

सहस्रकुंडाला पोचलो तेव्हा चार वाजले होते. वर इसापूर धरणाचं पाणी सोडलेलं होतं, त्यामुळं नदी भरून आली होती. काळ्या खडकांत पाण्यानं शेकडो कुंडं कोरली आहेत, नाव त्यावरूनच पडलं असावं. एरवी संथ चालणारी आमची पैनगंगा इथं एकदम दणदणत खाली झोकून देते. हा धबधबा दोन्ही काठांवरून बघता येतो. इकडून नांदेड जिल्हा, तिकडून यवतमाळ. पलीकडच्या खडकांवर उमरखेडकडून आलेली माणसं उभी होती आणि आमच्याकडे बघून हात हलवत होती. आम्हीही हलवले. आवाज कुणालाच ऐकू जात नव्हता.

महादेवाच्या देवळापासून जरा अंतरावर एक चहाची टपरी आहे. मालकाचे वडील खाटेवर बसलेले, नव्वदीला टेकलेले, डोक्याला पटका. मी कुठला, कोण, ते त्यांनी रीतीप्रमाणे विचारलं. नाव ऐकल्यावर डोळे बारीक करून म्हणाले, "मीबी उर्दूतच शिकलो. मिडल चालू होतं तवा ॲक्शन झालं, मंग शाळा सुटली ती सुटलीच." आणि सहलीचं पत्रक पुढं सरकवलं. "लिवा बरं तुमचं नाव."

मला घाम फुटला. अरबी मी जुजबी वाचतो, उर्दू छापील असेल तर अडखळत. लिहायची सवय शून्य. तरी पत्रकाच्या पाठीवर कसंबसं नाव काढलं. म्हाताऱ्यानं कागद लांब धरला, मग जवळ धरला. माझ्या नावाच्या शेवटी 'ज' आहे, आणि उर्दूत त्या उच्चाराची चार-पाच अक्षरं आहेत.

"ह्यो ज़े लिवला तुम्ही," ते म्हणाले. "इथं ज़्वाद पायजे."

त्यांनी पेन घेतलं, हात थरथरत होता, पण अक्षर असं वळणदार उतरलं की मी बघतच राहिलो. खाली मला तेच तीनदा गिरवायला लावलं. तिकडे गाडीचा हॉर्न वाजत होता. मी चहाचे पैसे काढले, तर म्हातारा नको म्हणाला. शिकवणीला आलेल्या पोराकडून चहाचे पैसे घ्यायची त्यांच्या मास्तरांची रीत नव्हती म्हणे.