कलम 289 आणि गुळाची ढेप

ही गोष्ट आमच्या घरात दोघांनी सांगितली आणि दोघांची दोन ठिकाणी संपायची. अण्णांची, म्हणजे आजोबांची, कोर्टाच्या खोलीत. माईची, म्हणजे आजीची, आमच्याच ओसरीवर.

अण्णा घाटावरच्या एका जिल्हा कोर्टात मुद्देमाल कारकून होते. खटला 1953चा. बांधावरून भाऊबंदकी, सुगीच्या दिवसांत एकाचा खून, आरोपी चुलतभाऊ. अण्णांच्या ताब्यात आला तो एक कोयता. खाकी कागदात गुंडाळलेला, सुतळीच्या गाठीवर लाखेचं सील, वर चिठ्ठी. चिठ्ठीवर एका पंचाची सही आणि दुसऱ्याचा अंगठा. मुंबईला रासायनिक तपासणी झाली, मग रक्त माणसाचं की जनावराचं ते ठरवायला कलकत्त्याच्या सेरॉलॉजिस्टकडे स्वारी गेली. "गडी तालुक्याबाहेर पडला नाही, पण त्याचा कोयता कलकत्ता बघून आला," अण्णा म्हणायचे. रक्त माणसाचं निघालं.

पण कोयता त्याचाच कशावरून? पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब तेव्हाच्या 1872च्या पुरावा कायद्यानं चालत नसे. आरोपीच्या सांगण्यावरून एखादी वस्तू सापडली, तर त्या वस्तूपुरतं बोलणं तेवढं कलम 27खाली आत यायचं. म्हणजे कडब्याच्या गंजीतून कोयता त्यानंच काढून दिला, हे सांगायला उरले दोन पंच. पहिला चौकीसमोरचा चहावाला. तो पिंजऱ्यात उभा राहिला आणि म्हणाला, "साहेब, कोयता चौकीतल्या टेबलावरच होता. मला म्हणाले सही कर, मी केली." दुसऱ्याला पंचनामा वाचूनच दाखवला नव्हता. मयताच्या सालगड्यानं मारणारा पाहिला असं पोलिसांच्या कागदात होतं. कोर्टात तो म्हणाला, अंधार होता, माणूस पाठमोरा होता. सरकारी वकिलांनी त्याला फितूर ठरवून त्याचीच उलटतपासणी घेतली. त्यातूनही काही निघालं नाही.

आरोपीचा जबाब झाला आणि न्यायाधीशांनी पुस्तक उघडलं. 1898च्या फौजदारी संहितेचं कलम 289. सरकारी पुरावा संपल्यावर आरोपीनं गुन्हा केल्याचा पुरावाच नाही असं कोर्टाला वाटलं, तर बचावाला बोलावण्याआधीच निर्दोष म्हणून लिहून मोकळं करायचं. ज्यूरी असेल तर ज्यूरीला तसा निकाल द्यायला सांगायचं. इथं ज्यूरी नव्हती, असेसर होते: फेटे बांधून बसलेली गावातली प्रतिष्ठित माणसं, ज्यांचं मत न्यायाधीशांवर बंधनकारक नसायचं. त्या दिवशी मत विचारायची वेळच आली नाही. त्यांतले एक सावकार त्यावरून महिनाभर फुगून होते म्हणे. दोन वर्षांनी, 1955च्या दुरुस्तीनं, असेसरच गेले.

इथं अण्णांची गोष्ट संपायची. मी सनद घेतली तेव्हा त्यांनी ती परत सांगितली आणि वर एक वाक्य जोडलं: "ताकात पाणी किती, हे त्या टप्प्यावर मोजायचं नाही. भांड्यात ताक आहे का, एवढंच बघायचं."

ते किती नेमकं होतं हे वकिली करताना कळलं. 1973च्या संहितेत तेच कलम 232 झालं, 1 जुलै 2024पासून नागरिक सुरक्षा संहितेत 255 झालं, भांडं तेच. माझ्या अशिलासाठी मी तो अर्ज कितीदा तोंडी केला असेन. पुरावा लेचापेचा आहे, हे ऐकून न्यायाधीश मान डोलावतात आणि म्हणतात, बचावाचा साक्षीदार आणा, तोलमोल शेवटी करू. त्यांचं बरोबर असतं, पण दर वेळी माझा जीव चरफडतो. आरोप ठेवण्याआधीच खटल्यातून वगळणं निराळं. तिथं नुसता संशय आणि दाट संशय यांतला फरक पाहिला जातो, आणि पुढे नवा पुरावा मिळाला तर तो माणूस पुन्हा कोर्टात येऊ शकतो. निर्दोष सुटलेला त्या गुन्ह्यासाठी पुन्हा उभा राहत नाही. सरकार वर अपील करू शकतं. त्या खटल्यात कुणी केलं नाही.

अण्णांनी कधी न सांगितलेली एक गोष्ट माई सांगायची. मयताची आई त्या दिवशी फडक्यात भाकरी बांधून आली होती. खटला अजून दोन दिवस चालेल असं तिला कुणी सांगितलेलं. अकरा वाजता सगळं आवरल्यावर ती पट्टेवाल्याला विचारत राहिली, की आता उद्या किती वाजता यायचं. चहावाल्याला खोटी सही मागणारा अंमलदार पुढे बढतीवर गेला. त्या आईला उत्तर द्यायला कुठलंच कलम नव्हतं.

आणि दिवाळीत तो सुटलेला माणूस आमच्या ओसरीवर आला, गुळाची ढेप घेऊन. अण्णा चिडले. मी काय केलं रे, मी नुसती सीलं सांभाळली. अण्णांच्या सांगण्याप्रमाणे ढेप त्यांनी त्याच पावली परत पाठवली.

माई सांगायची, अण्णा आत गेल्यावर तिनं त्याला विचारलं, "खरं सांग, तू मारलंस का?"

तो म्हणाला, "वहिनी, एवढं सरळ कोर्टानंही विचारलं नाही."

आम्ही पोरं पुढे सरकायचो. मग? काय म्हणाला?

माई वाती वळत राहायची. "गूळ चांगला होता," म्हणायची.