विद्युत्-नियंत्रित झडप (द्रवीय ब्रेकमधील)

अवजड यंत्रांच्या द्रवीय ब्रेकमध्ये तेलाची वाट उघडणारी, मिटणारी किंवा तेलाचा दाब विजेच्या प्रवाहानुसार कमीजास्त करणारी झडप. कार्यशाळेत तिला ‘सोलेनॉइड वॉल्व्ह’ म्हणतात.

रचना : तांब्याच्या तारेचे वेटोळे (कॉइल), त्यात सरकणारा लोखंडी गाभा, त्याने ढकलला जाणारा स्पूल (तेलाची वाट उघडणारा-मिटणारा सरकता दांडा) आणि स्पूलला मूळ जागी आणणारी स्प्रिंग हे मुख्य भाग होत. प्रवाह बहुधा २४ व्होल्टच्या बॅटरीवरून मिळतो. वेटोळे स्वतः ब्रेक दाबत नाही. ते फक्त तेलाला वाट देते. बळ तेलाचे असते : १०० बार दाब ५० चौ. सेंमी. क्षेत्रफळाच्या दट्ट्यावर पडल्यास सुमारे ५ टन बळ मिळते.

पार्किंग ब्रेक : यात ब्रेक लावते ती दणकट स्प्रिंग, तेलाचा दाब तिला मागे रेटून ब्रेक सोडतो. वेटोळ्यात प्रवाह असेपर्यंतच तेल दट्ट्याकडे जाते. तार तुटली किंवा इंजिन बंद पडले, की तेल टाकीत परतते आणि चाके जखडतात. वीज लागते ती ब्रेक सोडण्यासाठी, लावण्यासाठी नव्हे. म्हणून बंद पडलेले यंत्र ओढून नेण्याआधी चाकांना अटकण लावून, हातपंपाने दाब देऊन किंवा बोल्टांनी स्प्रिंग दाबून ब्रेक सोडवावा लागतो.

प्रमाणशीर झडप : उतारावर वेग आवरताना दाब हळूहळू वाढवावा लागतो. येथे प्रवाहाच्या प्रमाणात दाब मिळतो. तेल तापून वेटोळे २०° से. वरून १००° से. वर गेल्यास तांब्याचा रोध सुमारे ३० टक्क्यांनी वाढतो. व्होल्टेज तेच ठेवले तर प्रवाह घटतो. यास्तव नियंत्रक व्होल्टेज नव्हे, प्रवाह मोजून सांभाळतो.

बिघाड : वेटोळे जळाल्यास पार्किंग ब्रेक लागतो व यंत्र थांबते. तेलातील कचऱ्याने स्पूल उघडा अडकणे अधिक घातक, कारण प्रवाह तोडूनही दाब उतरत नाही. त्यामुळे तेलगाळणीची निगा महत्त्वाची ठरते.

उपयोग : मालमोटारींत बहुधा हवेच्या दाबाचे ब्रेक असतात. त्यांत वापरलेली हवा बाहेर सोडता येते, द्रवीय ब्रेकमधील तेल मात्र टाकीत परत न्यावे लागते. द्रवीय ब्रेकची अवजड यंत्रे सिंगरौलीच्या, तसेच चंद्रपूर-वणी परिसरातील खुल्या कोळसाखाणींत आढळतात.