भ्रूणाचे प्रथिन, प्रौढाचे रक्त

आरोग्य तपासणीच्या पॅकेजांत हल्ली ‘ट्यूमर मार्कर’ या सदराखाली एएफपी अशी तीन अक्षरे आढळतात. एएफपी म्हणजे अल्फा-फीटोप्रोटीन, यकृताच्या कर्करोगाचा रक्तात सापडणारा सर्वांत परिचित निदर्शक. त्याचा शोध लागून साठ वर्षे उलटली, तरी त्याविषयीचा वाद मिटलेला नाही. चाचणी किती अचूक आहे हा त्या वादाचा एक भाग. ती कोणाची करावी, आणि आकडा वाढलेला दिसल्यावर पुढे काय करावे, हा त्याहून मोठा भाग.

1963 साली मॉस्कोच्या गमालेया संस्थेत गॅरी अबेलेव्ह व त्यांचे सहकारी उंदरांच्या यकृतातील गाठींवर काम करीत होते. केवळ कर्करोगाच्याच पेशींत असेल असे एखादे प्रथिन सापडावे, ही त्यांची अपेक्षा. सापडले ते मात्र भ्रूणाचे प्रथिन. निरोगी प्रौढ उंदरात ते जवळजवळ नव्हते. गर्भात आणि नवजात पिल्लात भरपूर होते. लगेचच आस्त्राखानच्या युरी तातारिनोव्ह यांनी यकृताच्या कर्करोगाने आजारी असलेल्या माणसांच्या रक्तात त्याचा माग काढला. गर्भावस्थेत पीतककोश आणि यकृत हे प्रथिन तयार करतात. जन्मानंतर त्याचे प्रमाण झपाट्याने उतरते. कर्करोगाची पेशी जणू बंद करून ठेवलेला जुना कारखाना पुन्हा सुरू करते.

या कल्पनेचे सौंदर्य कोणालाही भुरळ घालील, पण अडचणीही तिच्यातच आहेत. हिपॅटायटिसने जखमी झालेले यकृत स्वतःची डागडुजी करताना हेच प्रथिन सोडते. गरोदरपणात त्याचा आकडा चढतो, वृषणाच्या काही गाठींतही चढतो. उलट, यकृतातील अनेक लहान गाठी ते तयारच करीत नाहीत. मिलिलिटरमागे 20 नॅनोग्रॅम ही नेहमीची मर्यादा धरली, तर साधारण दहापैकी चार रुग्ण निसटतात.

विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी येथे एक हिशेब करून पाहावा. समजा, एक लाख निरोगी दिसणाऱ्या लोकांत पाच जणांना हा कर्करोग आहे, आणि चाचणी निरोगी माणसांपैकी केवळ 5 टक्क्यांच्या बाबतीत चुकते. खरे रुग्ण सापडतील फार तर पाच. विनाकारण घाबरणारे सुमारे पाच हजार. पॅकेजातल्या त्या तीन अक्षरांचे मोल यावरून ठरवावे.

मग रक्त तपासायचे कोणाचे? याचे उत्तर एका वेगळ्याच वाटेने आले. बरूक ब्लुमबर्ग यांनी 1965 साली ‘ऑस्ट्रेलिया अँटिजेन’चे वर्णन प्रसिद्ध केले, पुढे तो हिपॅटायटिस बी विषाणूचा बाह्य भाग ठरला आणि 1976 साली त्यांना नोबेल मिळाले. 1981 मध्ये पामर बीस्ली यांनी तैवानमधील 22,707 पुरुषांचा पाठपुरावा प्रसिद्ध केला. विषाणूवाहकांना यकृताच्या कर्करोगाचा धोका इतरांच्या 200 पटींहून अधिक होता. धूम्रपान आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचे नातेसुद्धा या आकड्यापुढे फिके वाटते.

धोक्याचा गट सापडला. आता लवकर निदानाने जीव वाचतात का, हे पाहायचे होते. चीनमधील चिदोंग येथे 5,581 विषाणूवाहक पुरुषांवर यादृच्छिक प्रयोग झाला. एका गटाची एएफपी तपासणी ठरावीक काळाने होत राहिली. कर्करोग लवकर सापडू लागला, पण मृत्यूंचे प्रमाण कमी झाले नाही. रोग्याला आपला आजार आधी कळला, इतकेच. ‘निदानानंतर किती वर्षे जगला’ हा आकडा त्यामुळे आपोआप फुगतो. तो ऐकताना सावध राहिलेले बरे. शांघायमध्ये 18,816 जणांवर झालेल्या प्रयोगात दर सहा महिन्यांनी एएफपीबरोबर सोनोग्राफीही होती. 2004 साली आलेल्या अहवालात मृत्युदर 37 टक्क्यांनी घटल्याची नोंद होती, तीही बोलावलेल्यांपैकी साठ टक्क्यांहून कमी लोकांनी तपासण्या नियमित करवून घेतल्या असताना. या प्रयोगाच्या आखणीवर पुढे टीकाही झाली.

अमेरिकेतील यकृततज्ज्ञांच्या संघटनेने 2010च्या सुमारास एएफपीला नियमित तपासणीतून वगळले, 2018 मध्ये ऐच्छिक म्हणून परत घेतले आणि 2023 मध्ये सोनोग्राफीच्या जोडीला बसवले. दरम्यान नवे सोबती आले होते. 1984 मध्ये बोस्टनच्या संशोधकांनी दाखवले की, ही गाठ रक्त गोठवणाऱ्या प्रोथ्रॉम्बिनचे एक सदोष रूप सोडते. (वॉरफरिन घेणाऱ्यांतही ते वाढते, हे ध्यानात ठेवावे.) तिसरा निदर्शक म्हणजे एएफपीचाच एक पोटप्रकार, एल-3. तो वेगळा ओळखायला उपयोगी पडते मसुरातील लेक्टिन. आपल्या वरणाच्या डब्यातील मसूरच! लिंग, वय आणि हे तिन्ही निदर्शक मिळून ‘गॅलॅड’ हा गुणांक 2014 साली ब्रिटनमधून पुढे आला.

भारतात 1997 साली हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सने हिपॅटायटिस बीची देशी लस स्वस्तात आणली. पुढे ती सार्वत्रिक लसीकरणात आली. परंतु त्याआधी जन्मलेल्यांपैकी जे विषाणूवाहक आहेत, त्यांतील अनेकांना ते ठाऊकच नाही. ज्याला आपण धोक्याच्या गटात आहोत हेच माहीत नाही, तो सहा महिन्यांनी कशासाठी येणार? 2018 साली सुरू झालेल्या राष्ट्रीय विषाणुजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात मोफत तपासणी व औषधे आहेत. गॅलॅडपेक्षा ही साधी चाचणी आपल्याकडे आधी पोहोचायला हवी, असे माझे स्पष्ट मत आहे.

तेवढ्यात रोगाने वाट बदलली आहे. मधुमेह आणि लठ्ठपणासोबत येणारे मेदयुक्त यकृत आता कर्करोगाच्या कारणांत वर सरकते आहे. 2021 साली केंद्र सरकारने ते असंसर्गजन्य रोगांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात जोडले. येथे विषाणूसारखी ‘आहे किंवा नाही’ अशी सोपी खूण नाही. काहींना तर सिरॉसिस होण्याआधीच कर्करोग होतो, आणि लठ्ठ शरीरात सोनोग्राफीला लहान गाठ नीट दिसत नाही. रक्तातील निदर्शकांवरचा भार त्यामुळे वाढतो आहे, आणि इतक्या मोठ्या लोकसंख्येतून नेमके कोणाला बोलवायचे, याचे निकष अजून घडत आहेत.